येणारी वाट, जाणारी वाट

रोहिणखेड, तालुका मोताळा, जिल्हा बुलढाणा. शेताचा बांध कोरला गेला, वहिवाटीचा रस्ता अडवला गेला किंवा वाटणीवरून दोन भावांत वाकडं आलं, तर या पट्ट्यातला माणूस लगेच कोर्टाची पायरी चढत नाही. आधी तो गावातल्या चार वजनदार माणसांना गाठतो. त्यांत सरपंच असतो, माजी सरपंच असतो, सोसायटीचा चेअरमन असतो. २००७ च्या ऑगस्टमध्ये, आर. आर. पाटील गृहमंत्री असताना, महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. तेव्हापासून तंटामुक्त समितीचा अध्यक्षही त्यांत आला. हा माणूस निवडणुकीत कोणाचं तरी पॅनल चालवतो आणि एरवी कोणाचं तरी भांडण मिटवतो. त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. तो कोणाच्या गटाचा आहे हे साऱ्या गावाला ठाऊक असतं. समोरच्या गटाचा असला, तर आपणही आपल्या बाजूचा एक जण बरोबर न्यायचा, एवढीच खबरदारी लोक घेतात.

तिथं नाही मिटलं तर मोताळ्याचं तहसील. रस्त्याच्या तक्रारीला १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम आहे, जमीन महसूल संहितेचं कलम १४३ आहे. त्यापुढे दिवाणी न्यायालय, मग बुलढाण्याचं जिल्हा न्यायालय आणि शेवटी तीनशेहून अधिक किलोमीटरवरचं नागपूर खंडपीठ. इतक्या लांब गेल्यावर गावाचा हिशेब बदलतो. न्यायाधीश कोण, कुठला, काहीच ठाऊक नसतं. तो कोणाचाच नसावा, एवढीच अपेक्षा असते. तरीही वऱ्हाडी माणसाच्या तोंडी प्रश्न येतोच : ‘जज कोणाचा हाय?’

शहरातल्या शिकलेल्यांना हा प्रश्न अडाणीपणाचा वाटतो. पण २०२५ च्या उन्हाळ्यानंतर तोच प्रश्न मुंबईच्या वृत्तवाहिन्यांवर रात्र-रात्र विचारला जात होता. सर्वोच्च न्यायालयाच्या कॉलेजियमनं २८ जुलै रोजी मुंबई उच्च न्यायालयासाठी ज्या वकिलांची शिफारस केली, त्यांत आरती साठे यांचं नाव होतं. २०२३ मध्ये त्या महाराष्ट्र भाजपच्या प्रवक्त्या झाल्या होत्या आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी ते पद सोडलं होतं. विरोधकांनी आक्षेप घेतला. सत्तापक्षानं राजीनाम्याचा दाखला पुढे केला. ऑगस्टमध्ये त्या न्यायासनावर बसल्या. राजकारणातून आलेला माणूस निःपक्ष न्याय देऊ शकतो का, हा वाद नवा असल्यासारखा रंगला. तो नवा नाही. निदान सव्वाशे वर्षांचा आहे, आणि त्याचा एक धागा थेट वऱ्हाडातून जातो.

अमरावतीचा मांडव

१८९७ च्या डिसेंबरात राष्ट्रीय सभेचं तेरावं अधिवेशन अमरावतीला भरलं. ते वर्ष प्लेगचं, रँडच्या खुनाचं आणि टिळकांच्या शिक्षेचं. टिळक तुरुंगात होते. अध्यक्षस्थानी होते मद्रासचे वकील सी. शंकरन नायर, तिथल्या कायदेमंडळाचे माजी सभासद. स्वागताध्यक्ष होते टिळकांचे मित्र दादासाहेब खापर्डे.

या दोघांच्या आयुष्याची दिशा पाहण्यासारखी आहे. खापर्डे आधी वऱ्हाडात मुन्सफ होते. ती नोकरी सोडून ते वकिलीत आणि मग राजकारणात उतरले होते. नायर उलट्या दिशेनं निघाले होते. १९०८ मध्ये ते मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले, १९१५ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले आणि पंजाबातल्या लष्करी कायद्याच्या अत्याचारांचा निषेध म्हणून १९१९ मध्ये तिथून बाहेर पडले. न्यायासन सोडून आलेला माणूस न्यायासनाकडे निघालेल्या माणसाचं स्वागत करतो आहे, याचं त्या मांडवात कोणालाही नवल वाटलं नसावं. त्या काळी हुशार वकिलापुढे मोजक्याच वाटा होत्या, आणि त्या सगळ्या एकमेकींना छेदत जात.

मुंबईत तर हा रिवाजच होता. काशिनाथ त्र्यंबक तेलंग कायदेमंडळाचे सभासद होते, राष्ट्रीय सभेच्या पहिल्या फळीतले होते. १८८९ मध्ये ते उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. महादेव गोविंद रानडे कायदेमंडळात बसले आणि १८९३ मध्ये न्यायासनावर गेले. नारायण गणेश चंदावरकर यांनी १९०० च्या डिसेंबरात लाहोरला राष्ट्रीय सभेचं अध्यक्षपद भूषवलं आणि १९०१ उजाडताच ते मुंबईत न्यायाधीश झाले. दोन खुर्च्यांमध्ये श्वास घ्यायलाही सवड नव्हती. पुढे १९२१ मध्ये तेच मुंबई कायदेमंडळाचे अध्यक्ष झाले.

एक जामीन, दोन न्यायाधीश

राजकारणाचा भूतकाळ न्यायाधीशाला बांधून ठेवतो का, याचं सर्वांत बोलकं उदाहरण टिळकांच्याच दोन खटल्यांत सापडतं. १८९७ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली टिळकांना अटक झाली. न्या. पार्सन्स आणि न्या. रानडे यांच्यापुढे जामिनाचा अर्ज फेटाळला गेला. खटला उच्च न्यायालयाच्या सत्राकडे गेल्यावर ४ ऑगस्टला नवा अर्ज न्या. बद्रुद्दीन तय्यबजी यांच्यापुढे आला. तय्यबजी १८८७ च्या मद्रास अधिवेशनाचे अध्यक्ष होते. सरकारच्या दृष्टीनं हा आरोपीच्याच गोटातला माणूस. सरकारी पक्षाचा विरोध असतानाही त्यांनी जामीन दिला. आरोपी तुरुंगात राहिला तर त्याला बचावाची तयारी नीट करता येणार नाही, आणि खटल्याच्या वेळी तो हजर राहील अशी खात्री असेल तर त्याला कोंडून ठेवण्यात अर्थ नाही, असा त्यामागचा विचार होता.

त्या दिवशी टिळकांची बाजू मांडणारे वकील होते दिनशा दावर. अकरा वर्षांनी, १९०८ मध्ये, टिळकांवर पुन्हा राजद्रोहाचा खटला उभा राहिला तेव्हा न्यायासनावर तेच दावर होते. महंमद अली जिनांनी जामिनासाठी युक्तिवाद केला. तय्यबजींचा जुना निकाल समोर ठेवला गेला, म्हणजे दावरांनीच मिळवलेला निकाल. दावरांनी जामीन नाकारला आणि २२ जुलैला सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. राष्ट्रीय सभेचं अध्यक्षपद भूषवलेला न्यायाधीश सरकारची मर्जी न पाहता निर्णय देऊ शकला. ज्याच्या नावापुढे असलं राजकारण नव्हतं, त्याच्याबद्दल मात्र सरकारधार्जिणेपणाचा आरोप कायम राहिला.

एका जोडीवरून नियम काढता येत नाही. रानडेही सार्वजनिक सभेतून आलेले, आणि त्यांच्याच पीठानं जामीन नाकारला होता. पण ‘राजकारणातून आला म्हणजे कलंकित, वकिलीतून आला म्हणजे स्वच्छ’ ही सोपी विभागणी इथंच कोसळते.

पक्षाचा सरचिटणीस न्यायासनावर

स्वातंत्र्यानंतरचं मराठी मातीतलं ठळक नाव म्हणजे विठ्ठल महादेव तारकुंडे. जन्म १९०९, सासवडचा. लंडनहून बॅरिस्टर होऊन ते पुण्यात वकिली करू लागले, काँग्रेस समाजवाद्यांत वावरले आणि मग मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांकडे ओढले गेले. १९४२ मध्ये त्यांनी चालती वकिली बंद केली आणि ते रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्षाचे पूर्णवेळ कार्यकर्ते झाले. १९४४ मध्ये पक्षाचे सरचिटणीस झाले. हा पक्ष दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या बाजूनं उभा राहिलेला, ‘चले जाव’च्या विरोधात गेलेला. १९४६ च्या निवडणुकांत त्याचा धुव्वा उडाला आणि १९४८ च्या अखेरीस रॉय यांनी तो विसर्जितच केला.

त्या काळी याहून नावडता पक्ष शोधून सापडला नसता. तरीही १९५७ मध्ये, काँग्रेसचं राज्य असताना, तारकुंडे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. १९६९ पर्यंत त्यांनी काम केलं आणि मुदतीआधीच स्वेच्छेनं निवृत्ती घेतली. पुढे जयप्रकाश नारायण यांच्याबरोबर १९७४ मध्ये ‘सिटिझन्स फॉर डेमॉक्रसी’ उभी केली आणि आणीबाणीत नागरी हक्कांच्या चळवळीचा पाया घातला. न्यायासन सोडल्यावर ते सार्वजनिक जीवनात परतले, पण सत्तेच्या वाटेनं नाही. पक्ष सुटला, खुर्ची सुटली, तरी ज्यासाठी वकिली सोडली होती ते सुटलं नाही.

टेलिफोनची दोन टोकं

मंत्री होऊन मग सर्वोच्च न्यायालयात गेलेला माणूस म्हटला की नाव येतं व्ही. आर. कृष्ण अय्यर यांचं. तलश्शेरीचे वकील. १९४८ मध्ये कम्युनिस्टांना मदत केल्याच्या संशयावरून त्यांना महिनाभर तुरुंगात टाकलं होतं. १९५२ मध्ये ते मद्रास विधानसभेत गेले. १९५७ मध्ये केरळात ई. एम. एस. नंबुद्रीपाद यांच्या सरकारात कायदा, गृह, तुरुंग, पाटबंधारे अशी खाती त्यांच्याकडे आली. जुलै १९५९ मध्ये केंद्रानं ते सरकार बरखास्त केलं. १९६० मध्ये ते सात मतांनी हरले, निवडणूक याचिका करून जिंकले. १९६५ मध्ये पुन्हा हरले. तीन वर्षांनी केरळ उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि जुलै १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पोचले.

वेळ वाईट होती. त्याच एप्रिलमध्ये केशवानंद भारती निकालानंतर शेलत, हेगडे आणि ग्रोव्हर या तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून अजितनाथ रे यांना सरन्यायाधीश करण्यात आलं होतं. सरकारच्या धोरणांना ‘बांधील’ न्यायसंस्था हवी, अशी भाषा दिल्लीत चालली होती. अशा वेळी डाव्या सरकारातला माजी मंत्री सर्वोच्च न्यायालयात आणला जात होता. वकिलांतून विरोध झाला. विरोध करणाऱ्यांत सोली सोराबजी होते. आपला अंदाज चुकला हे त्यांनी पुढे मोकळेपणानं सांगितलं.

कसोटीचा दिवस दोन वर्षांत आला. १२ जून १९७५ ला अलाहाबाद उच्च न्यायालयानं इंदिरा गांधींची निवडणूक रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाला उन्हाळी सुटी होती आणि सुटीतले न्यायाधीश होते कृष्ण अय्यर. त्यांनी नंतर सांगितलेली हकीगत अशी : कायदामंत्री हरी रामचंद्र गोखले यांचा फोन आला, भेटायचं आहे म्हणून. काम काय ते विचारल्यावर अय्यर यांनी भेट नाकारली आणि अर्ज रजिस्ट्रारकडे दाखल करायला सांगितलं.

हे गोखले कोण? साठच्या दशकात मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश. राजीनामा देऊन ते वकिलीत परतले, १९७१ मध्ये मुंबईतून लोकसभेवर निवडून आले आणि कायदामंत्री झाले. म्हणजे फोनच्या एका टोकाला न्यायाधीश राहिलेला मंत्री होता आणि दुसऱ्या टोकाला मंत्री राहिलेला न्यायाधीश. न्यायालयाची मर्यादा सांगावी लागली ती माजी मंत्र्यानं माजी न्यायाधीशाला. २४ जूनला अय्यर यांनी पूर्ण स्थगिती नाकारली. पंतप्रधानपदी राहता येईल, सभागृहात बोलता येईल, पण खासदार म्हणून मत देता येणार नाही, असा त्यांचा आदेश होता. दुसऱ्या रात्री आणीबाणी आली.

राजकारण त्यांच्यातून धुऊन निघालं होतं असं मात्र म्हणता येत नाही. ते त्यांच्या निकालांत दिसतं. स्वतः तुरुंगात राहिलेला आणि तुरुंग खातं सांभाळलेला माणूस १९७८ मध्ये सुनील बात्रा प्रकरणात कैद्याच्या हक्कांविषयी लिहितो, तेव्हा ते कायद्याच्या पुस्तकातून आलेलं नसतं. त्याच वर्षीचं मोतीराम प्रकरण रोहिणखेडच्या माणसालाही लगेच समजेल. मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याला सर्वोच्च न्यायालयानं जामिनावर सोडायला सांगितलं. दंडाधिकाऱ्यानं दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि गवंड्याच्या भावाची हमी नाकारली, कारण भाऊ आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात होती. अय्यर यांनी ती अट उडवून लावली. पोटासाठी जिल्हा ओलांडणाऱ्या मजुराला जामीनदार कुठून मिळणार, हे मतं मागत फिरलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. उलट, १९८७ मध्ये तेच अय्यर विरोधी पक्षांच्या वतीनं राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढले आणि हरले. निवृत्तीला तोवर साडेसहा वर्षं होऊन गेली होती.

कुंकळ्ळीचा आमदार

राज्याच्या विधानसभेतून थेट उच्च न्यायालयापर्यंतचा प्रवास आपल्या शेजारी गोव्यात घडला. १९७७ च्या गोवा-दमण-दीव विधानसभेत तीस जागांपैकी जनता पक्षाला फक्त तीन मिळाल्या होत्या. त्यांतली एक कुंकळ्ळीच्या फर्दिनो रिबेलो यांची. वय अठ्ठावीसच्या आत, वकिलीला जेमतेम चार वर्षं झालेली. शशिकला काकोडकरांचं सरकार १९७९ मध्ये पडलं, राष्ट्रपती राजवट आली आणि १९८० च्या निवडणुकीनं सगळं चित्र पालटलं. रिबेलो वकिलीत रमले. १९९६ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि २०१० मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती. आमदारकी आणि न्यायासन यांत सोळा-सतरा वर्षांचं अंतर पडलं होतं.

त्यांचा गाजलेला निकाल १२ एप्रिल २००६ चा, डान्सबार बंदीवरचा. न्या. रोशन दळवी त्यांच्याबरोबर पीठावर होत्या. ही बंदी आर. आर. पाटील यांनी मुंबई पोलीस अधिनियमात कलम ३३-अ घालून २००५ मध्ये आणली होती, आणि गावोगावी तिला टाळ्या पडल्या होत्या. त्याच कायद्यात ३३-ब होतं. त्यानं तारांकित हॉटेलांना मोकळीक दिली होती. साध्या बारमध्ये नाचली तर गुन्हा, मोठ्या हॉटेलात नाचली तर करमणूक, हा भेद समानतेत बसत नाही आणि बाईच्या पोटावर पाय देतो, म्हणून उच्च न्यायालयानं बंदी रद्द केली. १६ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल कायम केला. जनमत कसं वाहतं हे आमदार राहिलेल्या माणसाला चांगलं कळतं. रिबेलो यांना ते कळत असूनही निकाल त्याच्या विरुद्ध गेला.

दारापूरचे न्यायमूर्ती

आता पुन्हा अमरावती. दर्यापूर तालुक्यातल्या दारापूरचे रा. सू. गवई म्हणजे रिपब्लिकन राजकारणातलं मोठं नाव : विधान परिषदेचे सभापती, खासदार, मग बिहार आणि केरळचे राज्यपाल. त्यांचे चिरंजीव भूषण गवई १९८५ मध्ये वकिलीत आले, नागपूर खंडपीठात सरकारी वकील झाले, २००३ मध्ये न्यायाधीश झाले आणि १४ मे २०२५ ला देशाचे सरन्यायाधीश.

फेब्रुवारी २०२३ मध्ये व्हिक्टोरिया गौरी यांच्या मद्रास उच्च न्यायालयातल्या नेमणुकीला आव्हान दिलं गेलं. भाजपच्या महिला मोर्चात त्यांनी काम केलं होतं आणि अल्पसंख्याकांबद्दलच्या त्यांच्या काही वक्तव्यांवर आक्षेप होता. न्या. संजीव खन्ना आणि न्या. गवई यांच्यापुढे याचिका आली. आपल्यालाही राजकीय पार्श्वभूमी आहे, वीस वर्षं न्यायाधीश आहोत, ती कधी आड आली नाही, अशा अर्थाचं गवई सुनावणीत बोलले. याचिका फेटाळली गेली. तिकडे न्यायालय बसलं होतं आणि त्याच सकाळी गौरींचा शपथविधी उरकला. २०२५ मध्ये साठे यांची शिफारस झाली तेव्हा कॉलेजियमच्या प्रमुखपदी गवईच होते.

घराण्याची पार्श्वभूमी, जुनी आमदारकी आणि कालपरवापर्यंतचं प्रवक्तेपद या तीन निराळ्या गोष्टी आहेत. त्या एका तराजूत घालू नयेत. रिबेलोंचं अंतर सोळा-सतरा वर्षांचं, तारकुंड्यांचं नऊ, अय्यर यांचं निवडणूक हरल्यापासून तीन, साठे यांचं दीड. किती अंतर पुरेसं, याचं उत्तर संविधानात नाही. अनुच्छेद २१७ दहा वर्षांची वकिली किंवा न्यायिक सेवा मागतो. पक्षाबद्दल चकार शब्द काढत नाही.

खरी गोम बाहेरच्या दारात

आणि तरीही येणाऱ्या वाटेपेक्षा जाणारी वाट जास्त निसरडी आहे. येणाऱ्याचं राजकारण झेंड्यावर लिहिलेलं असतं. ते सर्वांना दिसतं, त्याच्या निकालावर सगळ्यांची नजर राहते आणि ते ओळखून तोही जपून वागतो. उद्या काहीतरी मिळेल या आशेवर बसलेल्या न्यायाधीशाच्या कपाळावर काहीच लिहिलेलं नसतं. रोहिणखेडचं गाव तंटामुक्त समितीच्या अध्यक्षाचा गट ओळखून वागतं. पण पुढच्या निवडणुकीत तिकीट कोण देणार म्हणून तो आज निकाल फिरवतो आहे, हे गावाला कळणार कसं?

यादी कोणत्याही एका पक्षाची नाही. बहारुल इस्लाम काँग्रेसचे राज्यसभा सदस्य, मग उच्च न्यायालयात, मग सर्वोच्च न्यायालयात. बिहारचे काँग्रेस मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्र यांना दिलासा देणाऱ्या निकालानंतर, निवृत्तीला काही आठवडे उरले असताना, १९८३ च्या जानेवारीत त्यांनी राजीनामा दिला आणि काँग्रेसनं त्यांना उमेदवारी दिली. रंजन गोगोई नोव्हेंबर २०१९ मध्ये सरन्यायाधीशपदावरून निवृत्त झाले आणि चार महिन्यांत राज्यसभेवर नियुक्त झाले. कलकत्ता उच्च न्यायालयाचे अभिजित गंगोपाध्याय मार्च २०२४ मध्ये राजीनामा देऊन दोन दिवसांत भाजपमध्ये गेले आणि खासदार झाले. या प्रत्येकाचे निकाल कायद्याला धरून असतीलही. पण पुढचं पाऊल पडल्यावर प्रत्येक जुना निकाल मागे वळून वाचला जातो, आणि त्या वाचणाऱ्यांचं तोंड धरता येत नाही.

संविधानानं निवृत्तांच्या वकिलीवर बंधनं घातली आहेत. सर्वोच्च न्यायालयातून निवृत्त झालेल्याला देशात कुठेही वकिली करता येत नाही. राजकारण, आयोग, राजभवन मात्र मोकळं आहे. स्वतः गवई यांनी जून २०२५ मध्ये लंडनमध्ये सांगितलं की निवृत्तीनंतर लगेच सरकारी पद घेणं किंवा निवडणुकीसाठी राजीनामा देणं यातून न्यायसंस्थेवरच्या विश्वासाला तडा जातो. आपण असं पद घेणार नाही, असंही ते म्हणाले. हा शब्द चांगला आहे, पण एका माणसाच्या शब्दावर व्यवस्था चालत नाही.

अमेरिकेत राजकारणी न्यायाधीश होणं सर्वमान्य आहे. कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर अर्ल वॉरन १९५३ मध्ये थेट सरन्यायाधीश झाले आणि पुढच्याच वर्षी शाळांतला वर्णभेद त्यांच्या न्यायालयानं घटनाबाह्य ठरवला. ॲरिझोनाच्या सिनेटमध्ये बहुमताच्या नेत्या राहिलेल्या सँड्रा डे ओकॉनर १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयातल्या पहिल्या महिला न्यायाधीश झाल्या. तिथं उमेदवाराला सिनेटपुढे उघड प्रश्न विचारले जातात. त्या सुनावण्यांचा तमाशाही होतो आणि तहहयात नेमणुकीनं तिथले गट पक्केही होतात, म्हणून ती पद्धत जशीच्या तशी उचलण्यात शहाणपण नाही. पण नेमणूक होण्याआधी लोकांनी प्रश्न विचारण्याची जागा असते, एवढं तरी घेण्यासारखं आहे.

आपल्याकडे तीन गोष्टी आजही करता येतील. न्यायाधीशपदासाठी नाव पुढे येताच त्या व्यक्तीचं पक्षाशी असलेलं नातं, पद आणि ते सोडल्याची तारीख शिफारशीतच छापावी, म्हणजे ते शोधून काढायला पत्रकार लागू नये. त्या पक्षाचे आणि त्याच्या विरोधकांचे राजकीय खटले ठरावीक वर्षं तिच्यापुढे ठेवू नयेत. आणि खुर्ची सोडणाऱ्या प्रत्येक न्यायाधीशाला, तो राजकारणातून आलेला असो वा नसो, दोन-तीन वर्षं सरकारचं पद आणि पक्षाचं तिकीट बंद असावं. तिसरी अट सर्वांत महत्त्वाची, आणि तिलाच सर्वांत जास्त विरोध होईल, कारण तिचा फटका सगळ्याच पक्षांना बसतो.

रोहिणखेडच्या रानात १५९१ मध्ये अहमदनगरच्या गादीचा निकाल तलवारीनं लागला. बुऱ्हाण निजामशहा आपल्याच मुलाच्या नावानं राज्य हाकणाऱ्या जमाल खानावर चालून आला आणि जमाल खान पडला. त्या निकालाला ना कारणं होती, ना अपील. कारणं लिहून देणारा न्यायाधीश आपल्याला फार उशिरा मिळाला आहे. तो आला कुठून हे विचारण्याचा हक्क मोताळ्याच्या शेतकऱ्याला आहेच. त्याच्या जोडीनं तो निघाला कुठे, हेही विचारायची सवय लावून घ्यायला हवी.